आतोबांचे पाच वासे

माणसाकडे माणूस म्हणून कधीही न पाहणारा एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा निघाला. आमच्या आतोबांच्या लेखी या जगात फक्त घोडे होते. काही चार पायांचे आणि काही दोन पायांचे, एवढाच काय तो फरक; आणि दोन पायांच्यांना वेळेवर वळण लावणारा कोणी भेटला नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. तरुणपणी ते लष्कराच्या घोडदळात, रिसाल्यात होते. लढायला नव्हे, घोडे शिकवायला. पुढे रिसाल्यातून घोडे गेले आणि मोटारी आल्या, तेव्हा साहेबाने त्यांना विचारलं म्हणे, की आता मोटारीचं काम शिकणार का. जिला गूळ भरवता येत नाही तिला मी काय शिकवणार, असं सांगून आतोबा पेन्शन घेऊन पनवेलला आले ते कायमचेच. घोडा मात्र त्यांनी पाळला नाही. पनवेलात टांगे काय कमी होते? पण टांग्याजवळून जाताना हा माणूस रस्त्याची दुसरी बाजू धरी. याचं कारण मी एकदा आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, तू तुझं ताक पी.

मी पनवेलच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि आत्याकडे राहायला आलो, तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दारात ट्रंक ठेवली. आतोबांना नमस्कार करायला वाकलो तर ते समोर नाहीतच. ते माझ्याभोवती एक पुरी फेरी मारून आले, गुडघ्यांकडे पाहत दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "डावा पाय आत टाकतोस. पायताण एकाच अंगाने झिजत असणार." मला असा राग आला म्हणता! खोलीत जाऊन वहाणा उलट्या करून पाहिल्या, तर डावी खरोखरच आतल्या अंगाने झिजलेली. मग राग दुप्पट झाला, कारण बोलायला जागाच उरली नव्हती.

माणसाची सगळी परीक्षा ते चालीवरून करीत. त्यांच्या पुतणीला बघायला स्थळ आलं होतं तेव्हाची गोष्ट आत्या पदर तोंडाला लावून सांगत असे. बाकीची मंडळी मुलाचं शिक्षण, नोकरी, घरचं शेत विचारत होती. आतोबांनी त्या मुलाला विहिरीपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. तो बिचारा गेला आणि आला. त्याला पुन्हा एकदा पाठवलं, या वेळी जरा जोरात. मग आतोबांनी जाहीर केलं की चाल सरळ आहे, मुलगी द्या. दिली. संसार सोन्यासारखा झाला, हे त्याहून वाईट झालं, कारण त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक लग्नात आतोबा नवरदेवाला चालवून बघायचा हक्क सांगू लागले.

घोड्याच्या मागून मुकाट्याने जायचं नसतं. तो दचकतो, आणि दचकलेला घोडा लाथ आधी मारतो आणि चौकशी मग करतो. म्हणून आतोबा कोणाच्याही पाठीमागून येताना खालच्या आवाजात "येतोय, येतोय, मीच आहे" असं म्हणत येत. देवळात पुजारी गाभाऱ्यात पाठमोरा बसलेला असला की हे उंबऱ्यापासून तसं म्हणत जायचे. नवीन पुजारी आला तेव्हा त्याला वाटलं देवच बोलला, आणि त्याच्या हातातली समई पडली. शिवाय त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम गूळ असे. कोणी काम नीट केलं की तळहात सपाट पसरून त्यावर खडा ठेवून ते पुढे धरत. पोस्टमन, न्हावी, रेशनच्या कचेरीतला कारकून, सगळ्यांनी तो गूळ खाल्लाय. मी नोकरीत कायम झालो तेव्हा मलाही मिळाला, मुंग्यांसकट. तो कोट धुताना आत्या जे काही बोलायची ते मी इथे लिहीत नाही.

पनवेलला रेल्वे आली त्या सुमारास या सगळ्या वेडेपणाला पहिल्यांदा खरं काम लागलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दाऊद नावाचा टांगेवाला राहायचा. हाडकुळा, पन्नाशीचा, एकटा माणूस. त्याची घोडी लाडली. तिची आई ती दोन दिवसांची असताना मेली आणि दाऊदने तिला शेळीच्या दुधावर वाढवली. तो जेवायला बसला की ती खिडकीतून मान आत घालून त्याच्या ताटात बघायची, इतकं त्या दोघांचं होतं. रेल्वे आली तशी सगळी सवारी स्टेशनकडे वळली आणि टांग्यांचा अड्डाही तिकडे गेला. पण स्टेशनच्या वाटेवर मालगाडीचे दोन रूळ रस्त्याला आडवे टाकले होते. भर पावसात त्या ओल्या रुळावरून लाडलीचा पाय सटकला आणि ती टांग्यासकट गुडघ्यांवर आली. गुडघे आठ दिवसांत बरे झाले. भीती गेली नाही. त्यानंतर रस्त्यात आडवं काही दिसलं की ती उभी राही. रूळ दिसला की उभी, दोरी दिसली की उभी, कोणी काठी टाकली असली तरी उभी. दाऊद खाली उतरून हातापाया पडे, मागचे टांगे ओरडत, आणि ही आपली चारी पाय रोवून थरथरत असे.

स्टेशनला न जाणारा टांगा काय कामाचा? गावातल्या गावात सवारी मिळेना. शेवटी कल्याणकडच्या एका वीटभट्टीवाल्याने घोडी बघून ठेवली आणि भाऊबीज झाली की घेऊन जातो म्हणून सांगितलं. भट्टीवरची जनावरं किती दिवस टिकतात हे पनवेलात सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दाऊद घोडी घेऊन आमच्या अंगणाच्या फाटकाशी आला आणि तिथेच उभा राहिला.

"साहेब, तुमी रिसाल्यातले. हिला काय तरी समजवा. मी समजवून थकलो. दिवालीनंतर ती जानार हाय."

आतोबा पायरीवर पेपर वाचत होते. ते उठले, आणि मी पाहिलं की त्यांचं पाऊल पुढे पडत नव्हतं. मग त्यांनी "येतोय, येतोय, मीच आहे" म्हणायला सुरुवात केली आणि तसं म्हणत म्हणत तिच्याजवळ गेले. तिच्या मानेवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून आत्या बघत होती.

मग मात्र त्यांनी दाऊदला असा फैलावर घेतला की विचारू नका. घोडीच्या डोळ्यांवरची झापडं आधी काढून टाकली. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही, तो पाय टाकतो ते आधी बघून ठेवलेल्याच्या आठवणीवर. आणि तू तिचे डोळे झाकतोस, वर लगाम खेचून मान आभाळात धरतोस, मग त्या बिचारीने बघायचं कधी, असा त्यांचा सवाल होता. दाऊदचा चाबूक त्यांनी काढून घेतला आणि आत्याकडे ठेवायला दिला. पुढचे तीन आठवडे आत्याने त्या चाबकाने वाळवणावरचे कावळे हाकलले.

दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं लुटत होते आणि आतोबा चाकं करणाऱ्या सुतारांच्या आळीतून पाच वासे घेऊन येत होते. चांगले आठ-आठ फुटांचे, सरळ, जाड बांबू. त्यांवर चुन्याचे पट्टे ओढले. मग अंगणात चुलीतली राख पसरून तिच्यावरून घोडी चालवली आणि उमटलेल्या खुरांमधलं अंतर वितीने मोजलं. तिची ढांग जेवढी, तेवढ्या अंतरावर वासे आडवे पडायला हवेत. कमी झाले तर ती अडखळणार, जास्त झाले तर लांब पाय टाकून घाबरणार. अंतर बरोबर आहे की नाही हे तपासायला आधी एक घोडा लागतो. तो मी. सकाळी शाळेत जायच्या वेळी, धोतर सावरत, गुडघे वर उचलत मी त्या पाच वाशांवरून चालतो आहे, आतोबा मागून "खाली बघू नकोस, मान मोकळी सोड" म्हणताहेत, आणि कुंपणापलीकडे माझा सातवीचा वर्ग दप्तरं घेऊन उभा आहे, हे चित्र तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी शाळेत मला काय म्हणत होते ते सांगायची गरज नाही.

खरं शिक्षण मात्र एका वाशावर सुरू झालं. लाडली त्याच्यासमोर आली आणि उभी राहिली. आतोबाही उभे राहिले. ओढाताण नाही, ओरडा नाही. तास झाला. आतोबांनी एका हातात दोर धरून दुसऱ्या हाताने पेपर उघडला आणि तिला बातम्या वाचून दाखवायला लागले. दाऊदचा जीव वरखाली होत होता. त्याच्याजवळ दिवस मोजके होते आणि इथे घोडी लोकसभेतली भाषणं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिने मान खाली घालून वासा हुंगला. चौथ्या दिवशी एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि मग मागचे दोन कसेबसे ओढून घेतले. आतोबांचा सपाट तळहात पुढे झाला. गूळ खाताना तिच्या ओठांचा जो आवाज होतो, तो ऐकून दाऊद पायरीवर बसला आणि टोपीने तोंड पुसायला लागला.

एकावरून आतोबा थेट पाचांवर गेले. दोन का नाही, असं मी विचारलं. दोन ठेवले तर घोडा दोन्हींवरून एकदम उडी मारायला बघतो, म्हणाले, आणि मागे टांगा असला तर टांगा उडी मारत नाही. म्हणून पाच, पाच असले की त्याला एकेक पाऊल टाकावंच लागतं. पण स्टेशनच्या वाटेवर रूळ दोनच होते, हे मला खटकलं. आत्याची तक्रार मात्र वेगळी होती. तिच्या अंगणातली कपडे वाळत घालायची वलणाची काठी मोडली होती आणि डोळ्यांसमोर पाच सरळसोट वासे लोळत होते. पाचांतला एक द्या, ती म्हणाली. आतोबा म्हणाले, पाच म्हणजे पाच, रिसाल्यात पाचच असत.

"चारांवर अडेल का तुमची घोडी?"

"अडेल."

त्या दिवसापासून आत्याने आमची धोतरं खिडकीच्या गजांवर वाळत घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कारण सांगितलं. घोडी मात्र शिकत गेली. सकाळी पाच वासे, संध्याकाळी पाच वासे. आधी हळू, मग दुडक्या चालीने. सुरुवातीला खूर लागून बांबूचा ठक् असा आवाज यायचा आणि ती बिचकायची. आतोबा पाठ करून पुढे चालत, कारण घोड्याला नेताना मागे वळून बघायचं नसतं. आपण वळलो की तो थांबतो. ते नुसते कानांनी मोजत. दिवाळीला चार दिवस उरले तेव्हा एक सकाळ अशी आली की पाच वाशांत एकही ठक् झालं नाही.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी दाऊद तिला गल्लीतून फिरवायला घेऊन गेला, तर ती दारोदारच्या रांगोळ्यांवरून गुडघे छातीपर्यंत उचलत गेली. एक ठिपका पुसला नाही. बायका दारात येऊन बघत होत्या. पनवेलातला एकही माणूस इतकं जपून चालत नाही म्हणाल्या. पण टांगा जोडून वाशांवरून तिला नेता येत नव्हतं, चाकांखाली बांबू फुटले असते. म्हणजे टांग्यासकट आडवं काही ओलांडायचं ते पहिल्यांदाच रुळांवर. पाडव्याची सकाळ ठरली. आतोबांनी पेटीतून जुना खाकी कोट काढून घातला. टांग्यात वजन हवं म्हणून मला बसवलं. एवढ्यासाठीच मी शिकलो होतो. आत्या म्हणाली, मी नाही येणार तमाशा बघायला, मला देवळात जायचंय. आम्ही रुळांशी पोचलो तर ती तिथे ताट घेऊन उभी. आमचं देऊळ नेमकं उलट्या दिशेला होतं.

स्टेशनवर जाणारे लोक थांबले. दोन-तीन टांगेवाले खाली उतरून बघायला आले. आतोबांनी दाऊदला लगाम सैल सोडायला सांगितला आणि रूळ ओलांडून दहा पावलं पलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. लाडली रुळाशी आली आणि थांबली. तिच्या अंगातली थरथर मला बसल्या जागी कळत होती. दाऊदचे हात आपोआप लगाम ओढायला निघाले, मी मागून त्याचा खांदा धरला. पुढे आतोबा हलले नाहीत. नुसतं म्हणत होते, "येतोय, येतोय, मीच आहे." तिने मान खाली घातली. रूळ हुंगला. नाकातून फुर्र केलं. आणि मग पहिल्या रुळावरून पाय उचलला, दुसऱ्यावरून उचलला, टांग्याची चाकं दोनदा दणकली, आम्ही पार झालो होतो. पण ती थांबायला तयार नव्हती. पुढच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर, जिथे काही म्हणजे काही नव्हतं, तिथे तिने आणखी तीन वेळा गुडघे छातीपर्यंत उचलले, तिसरं, चौथं आणि पाचवं, आणि मगच सरळ चालायला लागली. माझी टोपी केव्हाच रस्त्यावर पडली होती.

लोक हसले, टांगेवाले ओरडले, दाऊद घोडीच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. आतोबा वळले. खिशात हात घातला तर गूळ नाही. खाकी कोट वर्षानुवर्षं पेटीत होता, त्यात गूळ कुठून येणार? आत्याने ताटातला प्रसादाच्या गुळाचा खडा पुढे केला. सगळे आनंदात होते, पण आतोबांचा चेहरा उतरला होता. परत येताना मला म्हणाले, "चूक झाली माझी. मी तिला वासे शिकवायला हवे होते. मी पाच शिकवलं." पण ती रूळ ओलांडून गेली ना, असं मी म्हणालो. त्यांनी पुन्हा एकदा रिकामा खिसा चाचपला. मग म्हणाले, रिसाल्यातली माझी घोडी मी सोडून आलो तेव्हा तिला कोण घेऊन गेलं त्याचं नावही विचारलं नाही. आणि मागे वळून पाहिलं नाही, नियम म्हणून. "पाहायला हवं होतं रे," एवढंच म्हणाले. त्यांना टांग्याजवळून जाताना मी पुन्हा कधी रस्त्याची बाजू बदलताना पाहिलं नाही.

भट्टीवाला भाऊबिजेनंतर आला आणि हात हलवत परत गेला. लाडली स्टेशनला जाऊ लागली. रूळ आले की दोन खरे आणि तीन मनाचे असे पाच वेळा पाय उचलायची. पनवेलकरांना त्याची इतकी सवय झाली की रुळांपाशी लोक आपण होऊन ट्रंका धरत आणि लेकरांना मांडीवर घेत. नव्या माणसाला वाटे घोडीला वेड लागलंय. आतोबांनी अंगणातले वासे हलवले नाहीत. रोज सकाळी अड्ड्यावर जाण्याआधी दाऊद तिला टांगा न जोडता आमच्या अंगणात आणायचा, ती पाच वासे ओलांडून पायरीशी यायची, गूळ खायची आणि कामाला जायची. चार वर्षं हा नेम चालला. आत्या चार वर्षं कुरकुरली. वलणाची नवी काठी तिला मीच आणून दिली.

आतोबा श्रावणात गेले. आजारी नव्हते, सकाळी पायरीवर पेपर वाचत होते, तसेच गेले. पाऊस असा लागला होता की खाडीचं पाणी वर आलं होतं, आणि गावात तिरडीसाठी ओला बांबू मिळेना. माणसं घाईत होती. कोणीतरी अंगणातले दोन वासे उचलले. ते पुसट झालेले चुन्याचे पट्टे मला दिसले, तरी मी पुढे होऊन दोरी धरायला लागलो. त्याच दोन वाशांवरून आम्ही आतोबांना नेलं. दाऊदने शेवटपर्यंत खांदा दिला, आणि मला आठवतं, आम्ही सगळे एका ढांगेत चालत होतो.

चौदाव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. दाऊद फाटकाशी आला, बरोबर लाडली. तो म्हणाला, चौदा दिस फाटकासमोरून पुढे न्यायला बघतोय, ती इथं उभी राहते. अंगणात तीनच वासे उरले होते. घोडी गोंधळेल, पडेल, म्हणून मी ते उचलायला धावलो, तर आत्या आतून म्हणाली, राहू दे. दाऊदने दोर सैल सोडला. लाडलीने मान खाली घातली, पहिला ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसरा ओलांडला. पुढे नुसता चिखल होता. ती क्षणभर थांबली. मग तिने चौथ्यांदा पाय उचलला, चांगला उंच, आणि मग पाचव्यांदा, आणि पायरीशी येऊन रिकाम्या जागेकडे मान लांब केली.

आत्या बाहेर आली. चार वर्षं जी त्या वाशांच्या नावाने बोटं मोडत होती, ती तळहात सपाट पसरून, बोटं नीट जुळवून, वर गुळाचा खडा ठेवून पुढे झाली. हात कसा धरायचा ते तिला कोणी शिकवलं होतं देव जाणे.

"बरोबर आहे बाई तुझं," ती घोडीला म्हणाली. "पाचच आहेत. दोन ते घेऊन गेलेत."

लाडलीने गूळ खाल्ला, आत्याचा हात पुसून काढला आणि दाऊदबरोबर कामाला गेली. आत्याने मग मला उद्या तिची ढांग मोजायला चुलीतली राख काढून ठेवायला सांगितली, आणि दुपारी जाऊन सुतारांच्या आळीतून दोन वासे घेऊन ये म्हणाली. सरळ बघून आण, असंही म्हणाली.